इसार दिसतो, वही दिसत नाही

ऑप्शन बाजारातील हालचालींवरून शेअरची दिशा ओळखता येते काय?

सोयाबीनची रास होऊन माल आडतीवर गेला की आमच्या कार्यालयात हरभऱ्याच्या बियाण्याची चौकशी सुरू होते. मागच्या हंगामात असेच एक शेतकरी आले. वय साठीच्या पुढे, जमीन पाच एकर, अर्धी कोरडवाहू. बियाण्याचे विचारून झाले तरी ते उठेनात. मग हळूच म्हणाले, "साहेब, तुम्ही शिकलेले, म्हणून इचारतो. ह्यो पुट-कॉल रेशो काय असतंय?"

क्षणभर मला ते एखाद्या नव्या फवारणीच्या औषधाचे नाव वाटले. नंतर उलगडा झाला. पदवी घेऊन घरी बसलेला त्यांचा मुलगा मोबाइलवर शेअर बाजारातले ऑप्शन घेत होता. बँकेतून पीककर्ज नवे-जुने करून उचललेल्या रकमेतले नव्वद हजार अडीच महिन्यांत गेले होते. "पोरगं म्हणायलंय, मोठी माणसं कुठं पैसा लावायलेत ते त्यात दिसतंय. मग दिसत असंल तर जातंय कसं?"

चार दिवसांनी मुलगाही भेटला. मोबाइलवरचा तक्ता दाखवून म्हणाला, "सर, हे आकडे एक्सचेंजचेच आहेत. ह्यात खोटं काय आहे सांगा." आकडे खोटे नव्हते. बापाचा प्रश्न बरोबर होता आणि मुलाचाही. आज बहुतेक गावांत असा एखादा तरुण आहे, म्हणून या प्रश्नाचे उत्तर येथे मांडत आहे. सरकारी नोकराला सट्टा करण्याची मुभा सेवा नियमांत नाही, त्यामुळे हा धंदा मी केलेला नाही. जे लिहीत आहे ते वाचून व जाणकारांना विचारून.

ऑप्शन म्हणजे काय?

शेतकऱ्याला इसार नवा नाही. समजा, आज सोयाबीनचा भाव क्विंटलला 4,500 रुपये आहे. एक व्यापारी तुमच्याकडे येतो व म्हणतो, "हे घ्या क्विंटलमागे 200 रुपये. दिवाळीपर्यंत मला वाटले तर मी तुमचा माल 4,500 ने उचलीन. नाही वाटले तर उचलणार नाही, 200 रुपये तुमचे." दिवाळीला भाव 5,200 झाला तर तो माल उचलील. 4,000 झाला तर तो फिरकणार नाही, आणि 200 रुपये तुमच्याकडे राहतील. या सौद्याला 'कॉल' म्हणतात. व्यापारी कॉल घेणारा, तुम्ही कॉल विकणारे.

आता उलटे पाहा. तुम्हीच व्यापाऱ्याला 150 रुपये दिलेत आणि ठरवलेत की दिवाळीला भाव पडला तरी त्याने तुमचा माल 4,500 ने घ्यावा. हा 'पुट'. पीकविम्यासारखाच हा भावाचा विमा झाला.

दिलेल्या रकमेला बाजारात प्रीमियम म्हणतात. नेहमीचा इसार पुढे किमतीत वळता होतो, प्रीमियम वळता होत नाही, एवढा फरक ध्यानात ठेवावा. दुसरे असे की, मुदत जवळ येईल तसा प्रीमियम उन्हातल्या बर्फासारखा वितळतो. त्यामुळे दिशा बरोबर ओळखूनही, भाव वेळेत हलला नाही तर घेणाऱ्याचे पैसे जातात.

ही पद्धत परदेशातून काल-परवा आलेली नाही. मुंबईच्या जुन्या कापूस बाजारात 'तेजी-मंदी'चे सौदे चालत आणि त्यासाठी दिलेल्या रकमेला 'नजराणा' म्हणत. सट्टा हाताबाहेर जातो म्हणून 1939 मध्ये मुंबई सरकारने कापसातील असे सौदे बंद केले. पुढे 1952 च्या कायद्याने शेतमालातील व 1956 च्या कायद्याने शेअरमधील ऑप्शनला मनाई झाली. शेअर बाजारात त्यांना पुन्हा दार उघडले ते 2001 मध्ये. शेतमालात जानेवारी 2018 मध्ये एनसीडीईएक्सवर गवार बियांचे ऑप्शन सुरू झाले.

तरुण पोरे काय वाचतात?

ऑप्शनच्या तक्त्यात प्रत्येक भावापुढे किती सौदे उभे आहेत ते दिसते. याला 'ओपन इंटरेस्ट' म्हणतात. पुटचा आकडा कॉलच्या आकड्याने भागला की पुट-कॉल रेशो येतो. पुट 12 लाख व कॉल 10 लाख असतील तर रेशो 1.2. मोबाइलवर शिकवणारे सांगतात, "पुट वाढले, म्हणजे बाजार वर जाणार." दुसरा तेवढ्याच जोरात सांगतो, "पुट वाढले, म्हणजे लोक घाबरलेत, बाजार पडणार."

आकडा एक आणि अर्थ दोन, असे का होते? कारण प्रत्येक सौद्याला दोन टोके असतात. जितके पुट घेणारे, तितकेच विकणारे. पहिला म्हणतो, विकणारा शहाणा. दुसरा म्हणतो, घेणारा शहाणा. शहाणा कोण हे तक्त्यात लिहिलेले नसते.

गावातलेच उदाहरण घ्या. एका मोठ्या व्यापाऱ्याने शिवारातल्या दहा शेतकऱ्यांना सोयाबीनचा इसार दिला, हे तुमच्या कानावर आले. भाव वाढणार असे समजून तुम्ही माल रोखून धरला. पण त्या व्यापाऱ्याने तेल गिरणीला आधीच ठरल्या भावाने माल विकलेला असेल, तर त्याला भाव वाढण्याशी देणेघेणेच नाही. त्याला फक्त माल भरून द्यायचा आहे. तुम्हाला त्याचा इसार दिसला, त्याची वही दिसली नाही.

ऑप्शन बाजारात नेमके हेच घडते. एखाद्या म्युच्युअल फंडाकडे हजार कोटींचे शेअर असतील आणि त्याने विमा म्हणून पुट घेतले, तर त्याचा अर्थ 'भाव पडणार' असा नसतो. पिकाचा विमा उतरवणारा शेतकरी पीक बुडावे म्हणून विमा उतरवत नाही.

एक खूण मात्र खरी आहे

मग या बाजारातून काहीच कळत नाही काय? तसेही नाही. प्रीमियम महाग झाला की एक गोष्ट निश्चित कळते, ती म्हणजे बाजाराला मोठ्या हालचालीची अपेक्षा आहे. निफ्टीच्या ऑप्शनच्या किमतींवरून 'इंडिया व्हिक्स' नावाचा निर्देशांक काढतात. लोकसभा निवडणुकीच्या काळात, एप्रिल 2024 च्या अखेरीस तो 10 ते 12 च्या घरात होता. 31 मे 2024 रोजी तो 24 च्या वर गेला. म्हणजे मोठी उलथापालथ होणार असे ऑप्शन बाजार सांगत होता, आणि ते खरे ठरले.

पण कोणत्या दिशेने? 3 जून रोजी, मतदानोत्तर चाचण्यांनंतर, निफ्टी 3.25 टक्के वर गेला. निकालाच्या दिवशी, 4 जूनला, तो 5.93 टक्के कोसळला. 5 जूनला पुन्हा 3.36 टक्के चढला. वारे सुटणार हे बरोबर, पण वारे पूर्वेचे की पश्चिमेचे हे त्यात नव्हते. हवामान खात्याने वादळाचा इशारा दिला तर कापलेले सोयाबीन झाकून ठेवावे, त्या इशाऱ्यावर पैज लावू नये. या खुणेचा उपयोगही एवढाच.

संशोधन काय सांगते?

या विषयावर अमेरिकेत पुष्कळ अभ्यास झाला आहे. जून पॅन आणि ॲलन पोटेशमन या दोन अभ्यासकांचा 2006 सालचा लेख प्रसिद्ध आहे. त्यांनी 1990 ते 2001 या काळातील शिकागो ऑप्शन एक्सचेंजची माहिती तपासली. ज्या कंपन्यांत नव्याने घेतलेल्या पुटचे प्रमाण कमी होते, त्यांचे शेअर दुसऱ्या दिवशी हे प्रमाण जास्त असलेल्या कंपन्यांच्या शेअरपेक्षा 0.4 टक्क्यांहून अधिक आणि आठवड्याभरात 1 टक्क्याहून अधिक चांगले चालले. म्हणजे खूण होती.

परंतु पुढचा भाग महत्त्वाचा आहे. त्यांना एक्सचेंजच्या आतील नोंदी मिळाल्या होत्या. कोणता सौदा नव्याने घेतलेला आहे आणि तो कोणत्या प्रकारच्या ग्राहकाने घेतला, हे त्यात होते. सर्वसामान्यांना दिसत नाही अशा या माहितीतच खरा कस होता. शिवाय ही खूण एकेका कंपनीच्या ऑप्शनमध्ये सापडली, निर्देशांकाच्या ऑप्शनमध्ये सापडली नाही. आपली पोरे बहुतेक निफ्टीसारख्या निर्देशांकाचेच ऑप्शन घेतात, हे येथे लक्षात घ्यावे.

आणखी दोन घटना सांगण्यासारख्या आहेत. 14 फेब्रुवारी 2013 रोजी हाइन्झ ही सॉस बनवणारी कंपनी विकत घेतली जाणार असल्याची घोषणा झाली. आदल्या दिवशी कोणीतरी सुमारे 90 हजार डॉलरचे कॉल घेतले होते. त्यांचे 18 लाख डॉलर झाले. तेथे ऑप्शनची हालचाल ही खरीच खूण होती. पण अमेरिकेच्या नियामकाने ते खाते लगेच गोठवले आणि आतली बातमी वापरल्याचा दावा केला. अखेर त्या लोकांनी जवळजवळ 50 लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले. अशी खूण बाहेरच्या माणसाला वेळेत कळत नाही, आणि आतल्या माणसाने वापरली तर तो गुन्हा ठरतो.

दुसरी घटना याच्या उलट आहे. 11 सप्टेंबर 2001 च्या न्यूयॉर्क हल्ल्यापूर्वी दोन विमान कंपन्यांचे पुट नेहमीपेक्षा खूपच जास्त घेतले गेले होते. हल्लेखोरांना आधी ठाऊक असल्याने त्यांनीच ते घेतले, असा बोभाटा जगभर झाला. चौकशी आयोगाने 2004 च्या अहवालात काय सांगितले? 6 सप्टेंबरला युनायटेडचे जे पुट घेतले गेले त्यांतील 95 टक्के एकाच अमेरिकी गुंतवणूक संस्थेचे होते, आणि तिचा हल्लेखोरांशी काहीही संबंध नव्हता. त्याच संस्थेने अमेरिकन या दुसऱ्या कंपनीचे 1 लाख 15 हजार शेअर विकत घेतले होते. अमेरिकनचे बरेचसे पुट तर एका सल्लापत्रिकेने ग्राहकांना फॅक्स करून सुचवलेले होते. इतकी ठळक दिसणारी खूणसुद्धा वही उघडल्यावर वेगळीच निघाली.

आपल्याकडचा 17 जानेवारी

आता आपल्या देशातले पाहू. सेबीने 3 जुलै 2025 रोजी जेन स्ट्रीट या अमेरिकी कंपनीविरुद्ध अंतरिम आदेश काढला. त्यात 17 जानेवारी 2024 या दिवसाचा तपशील आहे. सेबीच्या म्हणण्यानुसार कंपनीने सकाळी बँक निफ्टीतील बँकांचे शेअर व फ्युचर्स मिळून सुमारे 4,370 कोटींची खरेदी केली. त्यामुळे घसरलेला निर्देशांक सावरला. त्याच वेळी तिने निर्देशांक पडला तर फायदा होईल असे कितीतरी मोठे सौदे ऑप्शनमध्ये उभे केले. दुपारनंतर सकाळचे शेअर विकून टाकले. शेअर व फ्युचर्समध्ये सुमारे 61 कोटी गेले, आणि ऑप्शनमध्ये सुमारे 735 कोटी मिळाले.

सेबीने 4,843 कोटी रुपये जप्तीखाली आणले. कंपनीने आरोप नाकारले, रक्कम भरली आणि अपिलात गेली. अंतिम निवाडा न्यायसंस्था करील. पण बाजाराचा आकार सेबीच्या याच आदेशात नोंदला आहे, तो आपल्या प्रश्नाच्या मुळाशी जातो. त्या दिवशी बँक निफ्टीच्या ऑप्शनची उलाढाल, संबंधित बँकांच्या शेअरच्या उलाढालीच्या साडेतीनशे पटींहून अधिक होती. जेथे इसाराचा बाजार मालाच्या बाजाराच्या शेकडो पट मोठा असतो, तेथे ऑप्शनवरून शेअर ओळखायचा की शेअर हलवून ऑप्शनमध्ये कमवायचे, हे मोठ्या माणसाच्या हातात राहते. मोबाइलवर तक्ता वाचणारा दोन्हीकडून मागे असतो.

हिशेब सेबीचाच

सप्टेंबर 2024 मध्ये सेबीने फ्युचर्स-ऑप्शनमधील व्यक्तिगत व्यवहारांचा तीन वर्षांचा हिशेब मांडला. 2021-22 ते 2023-24 या काळात एक कोटीहून अधिक लोकांनी हे व्यवहार केले. त्यांतील 93 टक्के तोट्यात गेले. खर्च धरून माणशी सरासरी तोटा सुमारे 2 लाख, आणि एकूण तोटा 1 लाख 80 हजार कोटींच्या वर. 2023-24 मधील चार जणांत तिघांनी आपले वार्षिक उत्पन्न 5 लाखांच्या आत सांगितले होते. 72 टक्के लोक मोठ्या तीस शहरांच्या बाहेरचे होते. तिशीच्या आतले 43 टक्के होते. पुढच्या, म्हणजे 2024-25 सालीही 91 टक्के तोट्यातच राहिले.

मग कमावले कोणी? 2023-24 मध्ये दलालांच्या स्वतःच्या खात्यांनी सुमारे 33 हजार कोटी व परदेशी गुंतवणूक संस्थांनी सुमारे 28 हजार कोटी. त्यांचा जवळजवळ सगळा नफा संगणकाने आपोआप चालणाऱ्या सौद्यांतून आला. आपला मुलगा जो तक्ता डोळ्यांनी वाचतो, तो त्या संगणकाने डोळ्याची पापणी लवण्याआधी वाचलेला असतो. सर्वांना दिसणारी माहिती भावात आधीच उतरलेली असते.

काय करावे?

शेतकरी बंधूंनी व गावपातळीवरील कर्मचाऱ्यांनी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

1) पीककर्ज, पीकविम्याची रक्कम, भूसंपादनाचा मोबदला व बियाणे-खताचा पैसा ऑप्शनमध्ये कधीही घालू नये. पीककर्ज मुदतीत भरले तरच व्याजात सवलत मिळते. थकले की तोटा दुहेरी होतो.

2) 'रेशो बघून खात्रीशीर कमाई' असे सांगणाऱ्याची सेबीकडे नोंदणी आहे काय, हे सेबीच्या संकेतस्थळावर पाहावे. नोंदणी असली तरी ठरावीक नफ्याची हमी देण्याचा अधिकार कोणालाही नाही. तक्रारीसाठी सेबीची 'स्कोअर्स' व्यवस्था आहे. निःशुल्क दूरध्वनी 1800 22 7575. बनावट अ‍ॅपमध्ये पैसे गेले असतील तर वेळ न घालवता 1930 वर कळवावे.

3) ऑप्शनचा शेतकऱ्याला खरा उपयोग भावाचा विमा म्हणून आहे. मात्र सोयाबीन व हरभऱ्याच्या वायदे व्यवहारांना सेबीने डिसेंबर 2021 मध्ये स्थगिती दिली आणि तिची मुदत पुढे वेळोवेळी वाढवत नेली. त्यामुळे या पिकांचा शेतकरी त्या विम्यालाही मुकला. शेअरचे ऑप्शन घेऊन सोयाबीनच्या भावाचा धोका कमी होत नाही, हे मुलांना समजावून सांगावे.

4) भाव वाढेल असे वाटत असेल तर स्वतःच्या मालावर थांबावे. कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज 6 टक्के व्याजाने, 180 दिवसांसाठी मिळते. अंदाज चुकला तरी माल आपलाच राहतो.

5) ग्रामसभेत योजनांच्या यादीबरोबर पाच मिनिटे या विषयालाही द्यावीत. सोसायटीच्या सचिवांनी कर्जवाटपाच्या वेळी एवढे जरी विचारले, "घरात मोबाइलवर ऑप्शन कोण करतं?" तरी पुष्कळ काम होईल. मुलाला रागावून उपयोग नाही. रागावले की तो लपून करतो, आणि मग कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

त्या मुलाला मी कागदावर दोन रकाने आखून दिले होते. एका रकान्यात रेशो बघून बांधलेला अंदाज, दुसऱ्यात प्रत्यक्ष काय झाले ते. पैसे न लावता महिनाभर लिही, एवढेच सांगितले. महिन्याने तो कागद घेऊन आला. पहिल्या आठवड्यात बरेच अंदाज जुळले होते, पुढे निम्मे-निम्मे. तो स्वतःच म्हणाला, "सर, हे नाणं उडवल्यासारखंच झालं की."

परवा शिवारफेरीत त्यांच्या बांधावर गेलो होतो. हरभरा चांगला उगवला आहे. बियाणे शेवटी कृषी सेवा केंद्रातून उधारीवर घ्यावे लागले. गेलेले नव्वद हजार काही परत आलेले नाहीत. मुलगा तुषार संच हलवत होता. वडील म्हणाले, "मोबाइल आताबी बघतंय साहेब, पर आडतीचे भाव बघतंय." बँकेची मुदत मार्चअखेर आहे. हरभऱ्याने साथ दिली तर ती पाळता येईल, असे दोघांचेही म्हणणे पडले.